मत्स्यकन्या पटते, मग वाचक अडतो कुठे?

प्रकरण असं आहे. जेमतेम दोनशे पानांची एक कादंबरी. सुरुवातीलाच एका कॅरिबियन बेटाजवळच्या समुद्रात मत्स्यकन्या वर येते आणि होडीत गिटार वाजवत बसलेल्या कोळ्याचं गाणं ऐकते. वाचक हे विनातक्रार मान्य करतो. शेपटी, शाप, शेकडो वर्षांचं वय, सगळं. पुढे मात्र तोच वाचक कुरकुरायला लागतो. भाषा जड जाते. मध्येच कविता कशाला? प्रेम इतक्या लवकर कसं जमलं? दोष बायकांच्याच माथी का? शेवटी वादळच का? अशक्य ते पचतं आणि शक्य ते घशात अडकतं. हे का होतं, आणि वाचनकट्ट्यावर हे पुस्तक घेताना काय करायचं, ते इथे मांडलं आहे. कथानक शेवटपर्यंत उघड केलेलं आहे. पुस्तक वाचायचं असेल तर आधी ते वाचून या.

पुस्तक आहे मोनीक रॉफी यांचं ‘द मर्मेड ऑफ ब्लॅक कॉन्क’. कॉन्क म्हणजे मोठा सागरी शंख. रॉफी यांचा जन्म पोर्ट ऑफ स्पेनचा, त्या ब्रिटिश-त्रिनिदादी लेखिका. प्रकाशक लीड्समधली पीपल ट्री प्रेस, १९८५पासून कॅरिबियन साहित्य छापणारी छोटी संस्था. पुस्तक आलं एप्रिल २०२०मध्ये. ब्रिटनमध्ये २३ मार्चलाच टाळेबंदी लागली होती, पुस्तकांची दुकानं बंद होती. प्रसिद्धीचा खर्च लेखिकेने लोकवर्गणीतून उभा केला होता. पुढे ही कादंबरी गोल्डस्मिथ्स पारितोषिकाच्या लघुयादीत आली आणि जानेवारी २०२१मध्ये तिला कोस्टा या ब्रिटिश साहित्य पुरस्कारांतलं ‘बुक ऑफ द इयर’ मिळालं, ३०,००० पौंडांचं. त्या वर्षी कोस्टाच्या पाच विभागांपैकी ‘कादंबरी’ आणि ‘पहिली कादंबरी’ हे दोन्ही विभाग त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या लेखिकांनी जिंकले होते.

ही दोन पारितोषिकं एकत्र पाहिली की वाचकांच्या अर्ध्या तक्रारींचं मूळ हाती लागतं. गोल्डस्मिथ्स दिलं जातं कादंबरीच्या रूपाशी नवं काही करून पाहणाऱ्या पुस्तकाला. कोस्टाचा निकष होता वाचनाचा आनंद. एकच पुस्तक दोन्हीकडे शोभलं, हा त्याचा मोठेपणा. पण त्यामुळे वाचकही दोन वेगवेगळ्या अपेक्षा घेऊन आले. मूळ आवृत्तीवर ‘अ लव्ह स्टोरी’ असं उपशीर्षक आहे. ते वाचून प्रेमकथेसाठी आलेल्या माणसाला मुक्तछंदाची पानं भेटतात, आणि प्रयोग पाहायला आलेल्याला न्हाणीघरातला टब, कुत्री आणि प्रेम भेटतं. दोघांनाही वाटतं की पुस्तक मध्येच रस्ता चुकलं.

रचना आधी नीट समजून घेतली तर पुढचं सोपं जातं. पुस्तकात तीन आवाज आहेत. पहिला सर्वज्ञ निवेदक. तो १९७६ सालची गोष्ट सांगतो. दुसरा डेव्हिड बाप्टिस्ट हा कोळी; त्याच्या वहीतल्या नोंदी २०१५-१६च्या आहेत, म्हणजे चाळीस वर्षांनी म्हातारपणी लिहिलेल्या. तिसरी स्वतः मत्स्यकन्या, आयकाया. ती विरामचिन्हांविना छोट्या छोट्या ओळींत बोलते. हे तीन आवाज सारखे बदलत राहतात. पान उलटलं की वर्ष बदललेलं असतं. पहिल्या तीसेक पानांत दमणारे बहुतेक वाचक इथेच दमतात. उपाय साधा आहे. वाचायला घेताना समासात पेन्सिलीने ‘नि’, ‘डे’, ‘आ’ अशा खुणा करत जा. पन्नास पानांनंतर खुणांची गरज उरत नाही.

विश्वास कुठून येतो

बेटावर वार्षिक मासेमारी स्पर्धा आहे. फ्लोरिडाहून गोरे अमेरिकन बाप-लेक आले आहेत, थॉमस क्लेसन आणि हँक. त्यांच्या गळाला मत्स्यकन्या लागते. हा प्रसंग लांबलचक आहे आणि लांब आहे म्हणूनच पटतो. दोर सुटतो, गुंडाळला जातो, पुन्हा सुटतो. हाताची कातडी निघते. होडीवरच्या स्थानिक माणसांना कळतं की हे काहीतरी धरू नये असं आहे. बापाला कळतं की याचे पैसे होतील. मोठा मार्लिन मासा ओढताना जे जे होतं ते सगळं इथे होतं, फक्त दोराच्या टोकाला मार्लिन नसतो. वाचकाचं लक्ष कामावर खिळलेलं असतं, त्यामुळे ‘हे शक्य आहे का’ हा प्रश्न त्याच्या मनात येतच नाही. मग तिला धक्क्यावर आणून, मोठे मासे टांगतात तशी उलटी टांगतात. माणसं दारू प्यायला जातात. रात्री डेव्हिड तिला सोडवून घरी नेतो.

पुढच्या पानांत याहून मोठी करामत आहे. डेव्हिड तिला मिठाच्या पाण्याच्या टबात ठेवतो आणि ती हळूहळू बाई व्हायला लागते. परीकथेत हे काम एका ओळीत उरकतं. इथे दिवसच्या दिवस जातात. शेपटी सडते आणि गळून पडते. घरभर वास. कातडी सोलपटते. तिला उभं राहता येत नाही, कारण पाय ही गोष्टच तिला नवीन आहे. ज्यांना हे किळसवाणं वाटतं, त्यांनीच पुढे हे प्रसंग विसरता येत नाहीत असंही म्हटलेलं दिसतं. दोन्ही प्रतिक्रियांचं कारण एकच. लेखिकेने चमत्काराला वास दिला आहे.

म्हणूनच मराठीत या पुस्तकाबद्दल बोलताना ‘जलपरी’ हा शब्द टाळावा. ‘परी’ म्हटलं की पंख, चांदणं आणि गोडवा आलाच. आयकायाच्या केसांत समुद्रातले जीव आहेत, अंगावर गोंदण आहे, आणि सुंदर दिसणं हे तिचं काम नाही. ‘मत्स्यकन्या’ शब्दातला मासा तिच्या जास्त जवळचा आहे. चर्चा चालवणाऱ्याने पहिल्या पाच मिनिटांत एवढं केलं तरी बराच गैरसमज टळतो.

‘जादुई वास्तववाद’ (रोजच्या वास्तवात अद्भुत गोष्टी सहज मिसळणारी शैली) या शिक्क्यावर मात्र वेळ घालवू नये. हा शब्द जर्मन कलासमीक्षक फ्रान्झ रो यांनी १९२५मध्ये चित्रकलेसंदर्भात वापरला. कॅरिबियनपुरतं महत्त्वाचं विधान क्युबाचे कादंबरीकार आलेहो कार्पेन्तिएर यांचं आहे, १९४९चं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की या भूमीच्या इतिहासातच अद्भुत भरलेलं आहे, ते वेगळं बनवायला लागत नाही. एवढं सांगून पुढे जावं.

भाषा: चूक कोणाची?

सगळ्यात जास्त तक्रारी भाषेच्या. डेव्हिडच्या नोंदी कॅरिबियन क्रिओल वळणाच्या इंग्रजीत आहेत. क्रिओल म्हणजे वसाहतीत वेगवेगळ्या भाषा मिसळून घडलेली भाषा. शाळेत इंग्रजी शिकलेला मराठी वाचक इथे नकळत एक घातक गोष्ट करतो. तो प्रत्येक वाक्य मनातल्या मनात ‘दुरुस्त’ करत वाचतो. ‘शी कम’ दिसलं की डोकं ‘शी केम’ म्हणतं. पानभर असं केलं की थकवा येतो, आणि खापर पुस्तकावर फुटतं.

इथे एक नियम सांगितला की फरक पडतो. कॅरिबियन इंग्रजी क्रिओलमध्ये क्रिया दाखवणारं क्रियापद कुठलाही प्रत्यय न लावता आलं, तर त्याचा अर्थ साधारणपणे भूतकाळाचाच असतो. ‘शी कम’ म्हणजे ‘ती आली’. ते अडाणी इंग्रजी नाही, त्या भाषेचं व्याकरणच तसं आहे. हे एकदा कळलं की दुरुस्तीचं यंत्र बंद पडतं. दुसरी गोष्ट म्हणजे पहिली चार-पाच पानं मोठ्याने वाचावीत, किंवा ऑडिओबुक लावावं. डोळ्याला जे चुकलेलं दिसतं ते कानाला गाणं वाटतं. गटात निदान एकाने तरी त्रिनिदादी बोलणं ऐकलेलं असावं. तिथे दातांमधून हवा आत ओढत ‘स्ट्यूप्स’ असा आवाज काढतात, तिरस्कार किंवा वैताग दाखवायला. आपल्या ‘च्च’मध्ये हळहळही असते, त्यात ती नसते. हा एक आवाज माहीत असला तरी संवादांचा सूर बदलतो.

मराठी वाचकाची आणखी एक सवय आड येते. आपल्या ग्रामीण आणि प्रादेशिक कादंबऱ्यांत बहुधा संवाद बोलीत असतात आणि निवेदन प्रमाण भाषेत. म्हणजे बोली बोलणारा आत आणि सांगणारा बाहेर. इथे डेव्हिडच्या वहीत सांगणाराच बोलीत सांगतो. बाहेर उभं राहायला जागाच ठेवलेली नाही. ज्यांना हे पुस्तक ‘जवळचं’ वाटलं आणि ज्यांना ते ‘कठीण’ वाटलं, ते दोघेही याच एका निर्णयाला प्रतिसाद देत असतात.

गटासाठी तोंडी भाषांतर करताना मोह होतो तो मालवणीचा. कोळी आहे, समुद्र आहे, मग काय हरकत? हरकत अशी की पहिल्या वाक्यात डेव्हिड मालवणचा होतो आणि त्याच्या मागचा गुलामगिरीचा इतिहास पुसला जातो. साधी, बोलकी, कुठल्याच जिल्ह्याची नसलेली मराठी वापरावी आणि लय सांभाळावी. यात थोडं नुकसान आहे, पण मालवणीने होणारं नुकसान त्याहून मोठं आहे.

कवितेची पानं

आयकायाची पानं वाचक गाळतात. हे उघडपणे कबूल करणारेही पुष्कळ. गाळायला सोपी आहेत, कारण कथानक त्यांच्याविना समजल्यासारखं वाटतं. पण ती गाळली की पुस्तकातून एक अख्खा समाज गायब होतो.

आयकाया तायनो आहे. कोलंबस १४९२मध्ये कॅरिबियनमध्ये पोचला तेव्हा मोठ्या बेटांवर प्रामुख्याने राहणारे ते तायनो. पुढच्या काही दशकांत साथीचे रोग, सक्तीची मजुरी आणि हिंसा यांनी हा समाज जवळजवळ संपवला. आयकाया आणि तिच्याबरोबरची म्हातारी ग्वानायोआ या रॉफींनी कल्पनेने रचलेल्या नाहीत, त्या क्युबातल्या एका तायनो आख्यायिकेतल्या आहेत. देखण्या आयकायाचा हेवा वाटून तिला गावाबाहेर घालवतात, वादळ येतं, ती मत्स्यकन्या होते आणि म्हातारी कासव. म्हणजे कादंबरीतली बाई पाण्यातून वर येते तेव्हा तिची भाषा बोलणारं माणूस उरलेलं नसतं. तिच्या तुटक ओळींकडे ‘कवितेचा हव्यास’ म्हणून पाहण्याआधी हे लक्षात घ्यायला हवं. शेकडो वर्षं कोणाशी न बोललेली बाई पूर्ण वाक्यांत कशी बोलेल?

इथे मराठी वाचकाच्या हातात एक गोष्ट आहे, आणि ती गटात जरूर काढावी. ‘बटाटा’ हा शब्द. तायनो लोक रताळ्याला ‘बटाटा’ म्हणत. तो शब्द स्पॅनिश-पोर्तुगीजांनी उचलला आणि पोर्तुगीजांबरोबर तो आपल्या किनाऱ्यावर उतरला. हिंदीत आलू हा वेगळाच शब्द चालला, मराठीत बटाटा राहिला. हरिकेन, कॅनू, हॅमॉक, बार्बेक्यू हे इंग्रजी शब्दही तायनोतूनच आलेले. खेड्यापाड्यांत ज्याला अजून ‘हरिकेन कंदील’ म्हणतात, त्या नावातही आयकायाच्या भाषेतला शब्द आहे. भाजीवाल्याकडे रोज उच्चारला जाणारा शब्द त्या बाईच्या तोंडचा आहे, हे कळल्यावर तिची पानं गाळणं अवघड जातं.

वाचायची पद्धत: प्रत्येक कविता दोनदा, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने. ओळ संपली की थांबायचं, अर्थ संपल्यावर नव्हे. दोन्ही थांबे एकाच ठिकाणी येत नाहीत, आणि तिची अडखळ तिथेच ऐकू येते.

प्रेम, आणि संमतीचा प्रश्न

‘फार पटकन प्रेमात पडतात’ ही तक्रार वरवरची आहे. तिच्याखाली एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मांडणाऱ्या वाचकांना गटात गप्प बसवू नये. आयकाया जमिनीवर आली तेव्हा तिला चालता येत नाही, भाषा येत नाही, कोणी ओळखीचं नाही. ती सर्वस्वी डेव्हिडवर अवलंबून आहे. अशा नात्यात प्रेम म्हणजे नेमकं काय?

कादंबरीकडे याचं काही उत्तर आहे, पूर्ण नाही. डेव्हिड घाई करत नाही. तिला शिकवणारा तो एकटाच नाही. टेकडीवरच्या मोठ्या घरातल्या आर्केडिया रेन तिला बोलायला शिकवतात, आणि त्यांचा मुलगा रेजी, ज्याला ऐकू येत नाही, खाणाखुणांच्या भाषेतून तिचा मित्र होतो. हे मैत्र पुस्तकातलं सर्वांत निर्मळ नातं आहे. रेजी आणि आयकाया दोघांनाही गावाच्या बोलण्यात जागा नाही, म्हणून दोघांमध्ये कोणीच वरचढ नसतं. डेव्हिडच्या बाबतीत मात्र एक अडचण राहते. प्रेमाची हकिगत मुख्यतः त्याच्याच वहीत आहे, आणि माणूस चाळीस वर्षांनी स्वतःच्या प्रेमाबद्दल जे लिहितो त्यात तो स्वतःला थोडं उजळ करतोच. आपल्या गाण्याने तिला पाण्यावर यायची सवय लागली ही टोचणी त्याच्या लिहिण्यात आहे, पण टोचणी म्हणजे साक्ष नव्हे. पडताळा घ्यायचा तर तिच्या कवितांशीच. डेव्हिडने सांगितलेला प्रसंग आणि तिने सांगितलेला तोच काळ शेजारी ठेवून वाचा. जिथे दोघांचं जुळत नाही तिथे बोट ठेवा. आक्षेप पूर्ण मिटत नाही. तो मिटलाच पाहिजे असंही नाही.

शाप कोणी दिला

आपल्याकडे शाप म्हटलं की अहल्या आठवते. तिथे शाप देणारा नवरा. इथे शाप देतात इतर बायका, आपल्या नवऱ्यांच्या नजरा तिच्यावर खिळल्या म्हणून. १९७६मध्येही तिच्या मुळावर उठते ती शेजारीण प्रिसिला. यावरून ‘बाईच बाईची वैरी हे जुनंच तुणतुणं’ असा आक्षेप येतो.

तो निम्मा खरा आहे. शापाचा सांगाडा आख्यायिकेतून आला आहे, आणि कादंबरी त्यावर प्रश्नही उभा करते: पुरुषांची नजर आणि शिक्षा मात्र बाईला, हे कसं? धक्क्यावरच्या प्रसंगात पुरुष काय करतात हे लेखिकेने जराही सौम्य केलेलं नाही. पण प्रिसिला मात्र कच्ची राहिली आहे. इतरांना मागचा-पुढचा काळ मिळतो, तिला मिळतो तो मत्सर. या गुणी पुस्तकातली ही खरी उणीव, आणि वाचकांनी ती बरोबर हेरली आहे.

आर्केडिया रेनबद्दल भारतीय वाचक वेगळ्याच ठिकाणी गोंधळतात. बाई गोरी आहे आणि बोलते गावासारखी, हे कसं? कॅरिबियनमध्ये तिथेच जन्मलेल्या-वाढलेल्या गोऱ्या कुटुंबांना ‘व्हाइट क्रिओल’ म्हणतात. भाषा सगळ्यांची एक, जमीन मात्र त्यांची. ब्रिटिश कॅरिबियनमध्ये गुलामगिरी कायद्याने १८३४मध्ये संपली आणि सक्तीची ‘उमेदवारी’ (मुक्त झालेल्यांना जुन्याच मालकांकडे राबवणारी व्यवस्था) १८३८मध्ये, पण जमिनी हलल्या नाहीत. रेजीचा बाप लाइफ हा काळा चित्रकार गाव सोडून गेला होता; तो परततो तेव्हा त्याच्या आणि आर्केडियाच्या मध्ये हीच जमीन उभी असते. कादंबरीचं साल आहे १९७६. ब्लॅक कॉन्क हे बेट काल्पनिक, पण त्याच वर्षी त्रिनिदाद-टोबॅगो प्रजासत्ताक झालं आणि त्याआधी १९७०मध्ये तिथे ब्लॅक पॉवरचं, म्हणजे काळ्या लोकांच्या हक्कांसाठीचं, मोठं आंदोलन झालं होतं. ही पार्श्वभूमी पाच वाक्यांत सांगितली तर मिस रेनच्या घरातला ताण वाचकाला आपोआप दिसतो. रॉफी स्वतः व्हाइट क्रिओल आहेत. तायनो बाईची गोष्ट त्यांनी सांगावी का, हा प्रश्नही वाचक विचारतात आणि तो रास्त आहे. आमचं मत असं की त्यांनी मिस रेनला मालकीच्या जबाबदारीतून सुटू दिलेलं नाही, आणि म्हणून त्यांचा प्रामाणिकपणा पटतो.

दोन बैठकींचा आराखडा

आठ ते बारा माणसं, दोन बैठका, मध्ये दोन आठवडे. पहिली बैठक टबातल्या रूपांतरापर्यंत. निमंत्रण पाठवतानाच सांगा की धक्क्यावरच्या प्रसंगात बाईच्या देहाची विटंबना आहे. न सांगता बसवलं तर एखादी व्यक्ती उठून जाते आणि दुसऱ्या बैठकीला येत नाही. सुरुवातीची वीस मिनिटं फक्त मोठ्याने वाचन, चर्चा नाही. ‘आवडलं का’ हा प्रश्न पहिला विचारू नका. तो विचारला की माणसं आपलं मत राखत बसतात. त्याऐवजी विचारा, ‘कुठल्या पानावर थांबलात?’ प्रत्येकाने पान सांगायचं. पानांची यादी फळ्यावर आली की गट कुठे अडला ते दिसतं, आणि बहुतेकदा आवाज बदलण्याच्या जागाच समोर येतात.

दुसऱ्या बैठकीत संमतीचा प्रश्न आणि प्रिसिला आधी घ्या, शेवट नंतर. उलटं केलं तर सगळा वेळ वादळ खातं. वादळाबद्दलची नाराजी समजण्यासारखी आहे. आयकायाचं अंग परत बदलायला लागलेलं असतं, शेपटी परत येत असते, आणि मग चक्रीवादळ येऊन सगळं उधळून टाकतं. लेखिकेने सोपी सुटका शोधली असं वाटतं. पण आख्यायिकेतही वादळच आहे. पहिल्या वादळाने ती समुद्रात गेली होती, दुसऱ्यानेही ती समुद्रातच जाते. मधले काही महिने तेवढे तिचे.

उरलेल्या दहा मिनिटांत डेव्हिडच्या वहीतली पहिली नोंद पुन्हा वाचा, या वेळी गटातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या आवाजात. पहिल्या वेळी तो एका तरुणाने सांगितलेला किस्सा वाटला होता. आता ऐकणाऱ्याला माहीत असतं की लिहिणारा म्हातारा आहे, आणि ज्या पाण्याबद्दल तो लिहितोय तिथे ती पुन्हा वर येईल का, हे त्यालाही माहीत नाही.